शस्त्रांचा माल अडवायचा तर आधी कागद हातात हवा

वैनतेय (धागाकर्ता)

शस्त्रव्यापाराविरोधातलं काम म्हटलं की मोर्चा आणि फलक एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते हवंच. पण जिथे माल खरोखर अडला, तिथे मोर्चाच्या आधी कुणाच्या तरी हातात कागद पडलेला होता. मालयादी, परवान्याचा क्रमांक, नाहीतर बाँबच्या तुकड्यावर ठोकलेला उत्पादकाचा कोड. हा धागा त्या कागदांसाठी: ते कुठे मिळतात, कसे वाचायचे, वाचताना कुठे फसायला होतं.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदरापासून करतो, कारण तिथे सगळे दुवे एकाच आठवड्यात जुळले. एप्रिल २००८. झिंबाब्वेत २९ मार्चला मतदान झालं होतं, अध्यक्षपदाचा निकाल दाबून ठेवलेला होता, आणि 'आन युए जियांग' हे चिनी मालवाहू जहाज दरबानच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. पोटात ७७ टन दारूगोळा: ७.६२ मिमीच्या सुमारे ३० लाख गोळ्या, आरपीजीची १,५०० रॉकेट, उखळी तोफांचे ३,००० हून जास्त गोळे. झिंबाब्वेला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे माल दरबानला उतरवून रस्त्याने न्यायचा बेत होता. 'नोजवीक' या मासिकाने जहाजाची कागदपत्रं बाहेर काढली. वाहतूक कामगारांच्या 'साटावू' संघटनेने जाहीर केलं की आमचे गोदी कामगार हा माल उतरवणार नाहीत आणि ट्रकचालक वाहणार नाहीत. बिशप रुबिन फिलिप आणि आणखी एक अर्जदार दरबानच्या उच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिलला न्यायालयाने माल देशातून नेण्याचा परवाना स्थगित केला. जहाजाने नांगर उचलला आणि निघून गेलं.

इथे एक बारकावा आहे, तो हमखास सुटतो. आदेश बजावला जाण्याआधीच जहाज हललं होतं. म्हणजे नुसत्या न्यायालयावर विसंबून चाललं नसतं. नुसता कामगारांचा नकारही पुरला नसता, कारण सरकारने परवाना दिलेलाच होता आणि माल उतरवायला दुसरी माणसं आणता आली असती. आणि मालयादी छापून आली नसती तर दोन्ही गोष्टी सुरूच झाल्या नसत्या. अर्जदारांनी युद्ध चांगलं की वाईट हा वाद घातला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या २००२ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यात परवाना देताना मानवी हक्कांचा विचार करणं बंधनकारक आहे, तो झालेला नाही, एवढंच मांडलं.

ज्यांना जहाजं, परवाने, शेअर किंवा न्यायालयाची बाजू ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. एकच विनंती, आकडा लिहाल तर खात्रीचा लिहा.

कोकणी_खलाशी

वैनतेय, चांगला विषय घेतलात. जहाजांबद्दल लिहितो.

नावावर कधीही जाऊ नका. नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो. बदलत नाही तो आयएमओ क्रमांक, सात आकडी, जहाजाच्या अंगावर कायमचा कोरलेला. एमएमएसआय हा नऊ आकडी क्रमांक झेंड्याशी बांधलेला असतो, झेंडा बदलला की तोही बदलतो. तुमच्या नोंदवहीत पहिला रकाना आयएमओचाच ठेवा.

एआयएस म्हणजे जहाजं आपली ओळख आणि जागा प्रसारित करतात ती यंत्रणा. तिच्यावर दिसणारं 'पुढचं बंदर' हे जहाजावरच्या माणसाने हाताने टाइप केलेलं असतं. ते चुकीचं, जुनं किंवा मुद्दाम मोघम असू शकतं. फुकटच्या संकेतस्थळांवर खोल समुद्रातली जहाजं दिसत नाहीत, कारण तिथला संदेश किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत पोचत नाही. म्हणून जहाज नकाशावरून 'गायब' झालं म्हणजे लपलं असं लगेच लिहू नका. बंदराचं स्वतःचं धक्कावाटपाचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी रोज प्रसिद्ध होतं. ते आणि जहाज कंपनीचं वेळापत्रक एकमेकांशी ताडून पाहा.

माल ओळखताना सगळ्यात मोठी चूक होते ती नारिंगी पाटीची. स्फोटकं म्हणजे धोकादायक मालाचा वर्ग १, त्याच्या कंटेनरवर नारिंगी चौकोनी पाटी असते आणि खाली १.१, १.२, १.४ असा उपवर्ग. पण खाणीत वापरायची स्फोटकंही वर्ग १ मध्येच येतात. फरक कळतो तो चार आकडी यूएन क्रमांकावरून. ०००१२ सारखं काही लिहिलेलं दिसलं तर ते चुकलेलं आहे, क्रमांक चारच आकडी असतो: ००१२ म्हणजे छोट्या शस्त्रांची काडतुसं, ००३४ म्हणजे स्फोटक भरलेले बाँब.

आणि उलट बाजू अशी की युद्धसाहित्यावर नारिंगी पाटी असेलच असं नाही. मे २०१९ मध्ये सौदी कंपनीचं 'बाहरी यानबू' युरोपभर फिरत होतं. अँटवर्पला दारूगोळा चढला. फ्रान्समध्ये ल आव्हरला सीझर तोफा चढणार होत्या, तिथे विरोध झाला आणि जहाज धक्क्याला न लागताच पुढे गेलं. २० मे रोजी इटलीत जेनोआला जे चढवायचं होतं ते होते विद्युत जनित्रांचे संच. स्फोटक नाहीत, पाटी नाही, नागरी वापराचा माल म्हणून दाखवलेले. गोदी कामगारांच्या गटाने आणि त्यांच्या संघटनेने कंपनीचं नाव शोधलं, सैनिकी सामग्रीच्या परवान्यांच्या यादीत ती कंपनी सापडली, संप पुकारला गेला आणि जहाज जनित्रांशिवाय निघालं. त्यांनी पाटी पाहिली असती तर हाती काहीच लागलं नसतं.

शाल्मली

छान माहिती. आपल्याकडच्या बंदरांचा काही संबंध आला आहे का? स्पेनने एक जहाज परत पाठवल्याचं वाचलं होतं.

कोकणी_खलाशी

शाल्मली, हो. 'मारियाने दानिका', डेन्मार्कच्या झेंड्याचं. चेन्नईहून निघून इस्रायलच्या हैफा बंदराला चाललं होतं, जवळपास २७ टन स्फोटक सामग्री. कार्ताहेना बंदरात थांबायची परवानगी मागितली, ती स्पेनने मे २०२४ मध्ये नाकारली आणि परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीरपणे कारण सांगितलं: इस्रायलकडे जाणारी शस्त्रं.

पण त्याच दिवसांत तिथेच 'बोर्कुम' नावाच्या दुसऱ्या जहाजावरून मोठा गोंधळ झाला. तेही चेन्नईहून आलेलं. सरकार म्हणत होतं माल चेक प्रजासत्ताकाचा आहे, आंदोलकांच्या हातातली कागदपत्रं इस्रायलचा पत्ता दाखवत होती. शेवटी त्याने कार्ताहेनाचा थांबा रद्द केला आणि स्लोव्हेनियातलं कोपर गाठलं. आजही अनेक लेखांत या दोन जहाजांची सरमिसळ आहे. एका जहाजाचा टनांचा आकडा दुसऱ्याला चिकटला की समोरच्या प्रवक्त्याला एवढी एकच चूक दाखवून सगळं झटकून टाकता येतं.

भारतीय गोदी कामगारांचंही सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जलवाहतूक कामगार महासंघाने निवेदन काढलं की ११ मोठ्या बंदरांमधले त्यांचे ३,५०० वर सभासद इस्रायलला जाणारी शस्त्रं हाताळणार नाहीत. निवेदन महत्त्वाचं आहे, पण पुढची पायरी अवघड असते: कंटेनरमध्ये काय आहे हे क्रेनचालकाला कळतच नाही. कंटेनर क्रमांक (चार अक्षरं आणि सात आकडे) वेळेत त्याच्यापर्यंत पोचला तरच नकाराला अर्थ येतो.

मृण्मयी

खलाशीदादांनी जहाजाची बाजू सांगितली. मी उलट टोकाकडून येते, जिथे बाँब पडतो तिथून.

८ ऑक्टोबर २०१६, येमेनमधलं दैर अल-हजारी गाव. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या हवाई हल्ल्यात गरोदर आईसह सहा जणांचं कुटुंब मेलं. ढिगाऱ्यात 'मवाताना' या येमेनी संघटनेच्या लोकांना एक पोलादी कडी मिळाली. ही कडी काय असते ते नीट समजून घ्या. एमके-८२ जातीचा बाँब म्हणजे सुमारे २२७ किलोचं धूड, त्यात जवळपास ९० किलो स्फोटक. विमानाला तो टांगायला पाठीवर १४ इंचांच्या अंतराने दोन कड्या असतात. कवच फुटून त्याच्या ठिकऱ्या होतात, पण कडी जाड पोलादाची, ती बऱ्याचदा शाबूत उरते. या कडीवर कोड होता ए४४४७. हा पाच चिन्हांचा उत्पादक कोड, नाटोच्या यादीत कुणालाही शोधता येतो. तो आहे 'आरडब्ल्यूएम इटालिया'चा. कारखाना सार्डिनियातल्या दोमुसनोवासला, मूळ कंपनी जर्मनीची राइनमेटाल.

असा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, आजूबाजूला न फुटलेलं काही असू शकतं. आधी दुरून फोटो, मग जवळून, शेजारी मोजपट्टी. कोरलेली अक्षरं समोरच्या प्रकाशात सपाट दिसतात. प्रकाश कडेने तिरपा आला की उठून येतात. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची. संदेशाच्या अॅपवरून पाठवली की वेळ आणि ठिकाणाची नोंद पुसली जाते आणि न्यायालयात तोच फोटो अर्धा निकामी होतो. तुकड्यावर १३ आकडी साठा क्रमांक असेल तर तो चार-दोन-तीन-चार असा तोडून वाचा. पहिले चार वस्तूचा वर्ग सांगतात, मधले दोन देश: १५ इटली, ९९ ब्रिटन, ७२ भारत. मात्र तो देश म्हणजे जिथे क्रमांक नोंदला गेला तो. वस्तू तिथेच बनली असं त्यावरून ठरत नाही.

आता दुसरं टोक, रोमचं. इटलीत १९९० चा १८५ क्रमांकाचा कायदा आहे. तो ऐंशीच्या दशकात मिशनरी, कामगार संघटना आणि शांतता गटांनी मिळून रेटला होता. त्यानुसार सरकारला दरवर्षी संसदेपुढे शस्त्रनिर्यातीचा अहवाल ठेवावा लागतो, आणि त्यात पैसे ज्या बँकांतून फिरले त्यांची नावंसुद्धा येतात. अहवाल हजारभर पानांचा, आणि खुबी अशी की देश एका तक्त्यात, कंपनी दुसऱ्यात, परवान्याचा क्रमांक तिसऱ्यात. २०१६ च्या अहवालातून परवाना क्रमांक ४५५६० शोधला गेला तो तक्ते एकमेकांवर ठेवून: सौदी अरेबियासाठी १९,६७५ बाँब, ४११ दशलक्ष युरो. हाच ४११ चा आकडा जर्मन मूळ कंपनीच्या भागधारकांना दिलेल्या माहितीत मोठी मागणी म्हणून आला होता. सरकारी अहवाल जे झाकतो ते कंपनी गुंतवणूकदारांना अभिमानाने सांगते. ही जोडी कायम लक्षात ठेवा.

एप्रिल २०१८ मध्ये रोममध्ये फौजदारी तक्रार गेली. जुलै २०१९ मध्ये परवाने १८ महिन्यांसाठी थांबले. २९ जानेवारी २०२१ ला ते कायमचे रद्द झाले आणि १२,७०० हून जास्त बाँब पाठवायचे राहिले ते राहिलेच. फौजदारी तक्रारीतून कुणाला शिक्षा झालेली नाही, हे मनाला लागतं. पण ते बाँब गेले नाहीत.

हिशेबनीस

मृण्मयीताई, प्रतिसाद जपून ठेवला आहे. आकड्यांबद्दल थोडं.

सिप्री या स्वीडनमधल्या शांतता संशोधन संस्थेच्या तक्त्यातला 'टीआयव्ही' हा आकडा पैशांचा नसतो. शस्त्राच्या लष्करी क्षमतेवरून ठरवलेलं ते एक माप आहे, देशादेशांतला कल दाखवण्यासाठी. त्याला डॉलरचं चिन्ह लावून पत्रक छापलं की पत्रक वाया.

परवाना आणि प्रत्यक्ष रवानगी यांतही गल्लत होते. परवाना म्हणजे मुभा. माल पुढच्या वर्षी जाईल, अर्धाच जाईल किंवा जाणारच नाही. ब्रिटनमध्ये दर तिमाहीला परवान्यांची आकडेवारी निघते, आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'कँपेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड'ने ती देश आणि वर्गानुसार शोधता येईल अशी मांडली आहे. त्यात एमएल४ म्हणजे बाँब आणि क्षेपणास्त्रं, एमएल१० म्हणजे विमानं. पण किंमत फक्त एकेरी परवान्यांना असते. खुल्या परवान्यांवर माल किती न्यायचा याला सहसा मर्यादा नसते आणि रक्कम लिहिलेली नसते. बेरीज करून 'एवढ्या पौंडांची विक्री' लिहिलंत तर तो आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. तळटीप न चुकता द्यावी.

शेअर घेऊन वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा मार्ग जुना आहे आणि अजून चालतो. अडचण येते ती अशी: ब्रिटनमध्ये अॅपवरून घेतलेला शेअर मध्यस्थ कंपनीच्या नावावर असतो, भागधारकांच्या नोंदवहीत तुमचं नाव नसतं, आणि दारावर अडवतात. सभेच्या काही आठवडे आधी मध्यस्थाकडून प्रतिनिधिपत्र घ्यायचं, किंवा कागदी शेअर नावावर करून घ्यायचा. तिथे प्रॉक्सीलाही, म्हणजे भागधारकाने आपल्या वतीने पाठवलेल्या माणसालाही, बोलता येतं, म्हणून दहा शेअर असलेला एक माणूस दहा जणांना आत पाठवू शकतो. भारतात हे चालत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे प्रॉक्सीला बोलायचा हक्क नाही, स्वतःच हजर राहावं लागतं. ऑनलाइन सभा असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची मुदत सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत असते.

प्रश्न भाषणासारखा नको. 'आपल्या मालाचा अंतिम वापर कुठे झाला हे पोचल्यानंतर तपासायला गेल्या वर्षी किती भेटी दिल्या?' असा एका आकड्याचा प्रश्न. उत्तर टाळलं तर टाळल्याची नोंद होते.

अॅड_सुहासिनी

न्यायालयाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात, म्हणून लिहिते.

सौदी अरेबियाला होणाऱ्या शस्त्रविक्रीविरुद्ध 'कँपेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड'ने ब्रिटनमध्ये लढवलेला खटला: २०१७ मध्ये उच्च न्यायालयात हार. २० जून २०१९ ला अपिलात जीत, आणि ती अगदी नेमक्या मुद्द्यावर: पूर्वीच्या हल्ल्यांत युद्धकायद्याचा भंग झाला होता का, याचं मूल्यांकनच मंत्र्यांनी केलं नव्हतं, म्हणून निर्णयप्रक्रिया बेकायदा. विक्री बेकायदा, असं न्यायालयाने म्हटलं नाही. नवे परवाने थांबले. जुलै २०२० मध्ये सरकारने पुन्हा मूल्यांकन करून 'तुरळक घटना' असा शेरा मारला आणि परवाने सुरू केले. दुसरा खटला जून २०२३ मध्ये हरला. यातली बरीच सुनावणी बंद दाराआड झाली, अर्जदाराच्या वकिलांनाही तिथे प्रवेश नव्हता. तरीही वर्षभर नवे परवाने थांबले, आणि तेवढ्या काळात येमेनमधल्या एकेका हल्ल्याची नोंद न्यायालयाच्या कागदांवर चढली. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ ला इस्रायलला होणाऱ्या शस्त्रनिर्यातीविरुद्धची याचिका फेटाळली. परराष्ट्रधोरण हा आमचा प्रांत नाही, आणि आधीच्या करारांचा भंग करायला कंपन्यांना सांगता येणार नाही, असा रोख होता. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रव्यापार करारावर सहीही केलेली नाही. २ एप्रिल २०१३ च्या मतदानात १५४ देश बाजूने होते, ३ विरोधात, आणि तटस्थ राहिलेल्यांत आपण होतो. त्यामुळे त्या करारातलं कलम ६ किंवा ७ घेऊन इथल्या कोर्टात जाण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी, विशेषतः खडकी, देहू रोड, भंडारा, वरणगाव भागातल्या मित्रांसाठी. दारूगोळा कारखान्याच्या आवाराचे, फाटकाचे फोटो किंवा नकाशे काढू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो आणि त्यात हेतू चांगला होता हे सिद्ध करण्यात वर्षं जातात. उघड कागदांतून जेवढं मिळतं तेवढ्यावर भरपूर काम होतं.

रानवारा

एक प्रश्न मनापासून. दोमुसनोवास असो की खडकी, कारखान्यावर कित्येक घरं चालतात. तिथल्या कामगारांना काय सांगायचं? खाणी बंद पडल्यावर सार्डिनियाच्या त्या पट्ट्यात दुसरं काही उरलेलंच नाही असं वाचलं.

मृण्मयी

रानवारा, हा प्रश्न बाजूला सारणारा गट टिकत नाही. इग्लेसियास-दोमुसनोवासच्या गटाने स्वतःचं नावच 'कारखाना रूपांतर समिती' असं ठेवलं, बंद करण्याची समिती असं नाही. कामगारांना शत्रू ठरवलं नाही. आणि लढाईही बाँबवरून न लढता विस्तारावरून लढली: नव्या इमारती आणि चाचणीच्या मैदानाला पर्यावरण परिणाम तपासणीशिवाय परवानगी दिली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. गावातल्या बांधकाम परवानगीची फाइल कुणीही मागू शकतो, तिला लष्करी गुपिताचं कवच नसतं.

रूपांतराचा सर्वांत तपशीलवार आराखडा अजूनही १९७६ चा आहे, ब्रिटनच्या लुकास एरोस्पेसमधल्या कामगार प्रतिनिधींचा. त्यांनी आधी आपल्याकडे कुठली यंत्रं आणि कुठली कौशल्यं आहेत याची यादी केली, मग त्यांवर काय बनेल ते लिहिलं: डायलिसिसची यंत्रं, उष्णता पंप, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी बस, अशा १५० वस्तू. कंपनीने आराखडा नाकारला. पण क्रम तोच ठेवा. आधी यंत्रांची यादी, मग वस्तू. बाहेरून जाऊन 'तुम्ही सौर पॅनेल बनवा' म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं?

वैनतेय (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. भारतात उघड्यावर काय मिळतं ते लिहितो.

संरक्षण निर्यातीचा २०२४-२५ चा सरकारी आकडा २३,६२२ कोटी रुपये आहे, पण कुठल्या देशाला काय गेलं याची फोड त्यात नाही. वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात विदापेढीत प्रकरण ९३ उघडा, म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळा. ९३०६ खाली बाँब, गोळे, काडतुसं, ९३०५ खाली सुटे भाग. देशवार, वर्षवार निघतं. शिकारीची काडतुसंही ९३०६ मध्येच असतात, तेव्हा आठ आकडी पातळीपर्यंत उतरल्याशिवाय काही लिहू नका. विमानाचे भाग ८८ मध्ये असतात, ते वेगळे पाहावे लागतात.

ज्या वस्तूंच्या निर्यातीला परवाना लागतो त्यांची सरकारी यादी म्हणजे स्कोमेट, आणि त्यातला वर्ग ६ युद्धसामग्रीचा. भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात गेला, त्यामुळे क्रमांक युरोपच्या यादीशी जुळतात: आपला ६ए००४ म्हणजे त्यांचा एमएल४. याचा उपयोग असा की युरोपातला गट आणि आपण एकाच वस्तूबद्दल बोलतोय हे लगेच कळतं.

अॅड_सुहासिनी

वैनतेय, माहिती अधिकाराचा अर्ज त्याच क्रमांकांवर बेतावा. संरक्षण उत्पादन विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपये शुल्क. 'इस्रायलला शस्त्रं का पाठवली' असं विचारलंत तर तो प्रश्न झाला, माहिती नव्हे, आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. असं लिहा:

'स्कोमेट वर्ग ६ अंतर्गत १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात दिलेल्या निर्यात परवानग्यांची संख्या, उपवर्गनिहाय (६ए००१, ६ए००२ याप्रमाणे) आणि देशनिहाय द्यावी. नाकारलेल्या अर्जांची संख्या उपवर्गनिहाय द्यावी. कोणतीही बाब कलम ८ नुसार वगळायची असल्यास कलम १० प्रमाणे ती वेगळी करून उरलेली माहिती द्यावी.'

कंपन्यांची नावं आणि किमती पहिल्या अर्जात मागू नका, ८(१)(घ) ची व्यापारी गुपिताची सबब आयती मिळते. देशवार माहितीला ८(१)(क), म्हणजे देशाची सुरक्षा आणि परराष्ट्रसंबंधांचं कारण, लावून नकार येईल हे जवळपास धरूनच चाला. म्हणून देश आणि उपवर्ग असे दोन वेगवेगळे अर्ज करा, म्हणजे एक अडकला तरी दुसरा चालतो. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. केंद्राच्या पोर्टलवर मजकूर ३,००० अक्षरांत बसवावा लागतो. जास्त असेल तर पीडीएफ जोडा.